वाकड्या भिंतीचा दर

१९ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

ती. ताईस,

सादर नमस्कार. इकडे आम्ही सर्व आहोत. खुशाल आहोत की नाही, ते पत्र वाचून तूच ठरव.

प्रथम एक गंभीर तक्रार. पाकिटाला तू जो गोंद लावतेस, त्याला काही धरबंध असावा. तुझं मागचं पत्र मी आधी नखांनी, मग सुरीने आणि शेवटी किटलीच्या वाफेवर धरून उघडलं. पत्र हाती आलं, पण तुझी सही आणि शेवटच्या दीड ओळी पाकिटानेच ठेवून घेतल्या. त्या ओळींत आशीर्वाद होते की शिव्या, हे आता कोणत्याही शास्त्राने सिद्ध होणार नाही. मी सोयीसाठी आशीर्वाद धरले आहेत. तुझी भावजय म्हणते, "हा गोंद कुठे मिळतो ते विचारा आधी, न्हाणीघराला लावू." तिचं बरोबर आहे. नव्या न्हाणीघराच्या फरशा आम्ही राहायला आल्यापासून एकेक करून भिंतीचा त्याग करत आहेत, आणि तोही नेमका कुणी अंगावर पाणी घेत असताना.

हे न्हाणीघर, आणि त्याच्याभोवतीचं उरलेलं घर, ज्या सद्गृहस्थांनी बांधलं त्यांचं नाव आम्ही 'सेवाभावी' ठेवलं आहे. पूर ओसरल्यावर गल्लीत पांढरे बूट घालून सर्वप्रथम अवतरले ते हे ठेकेदार. आम्ही फावड्याने दिवाणखाना उपसत होतो. ते दारात उभे राहून म्हणाले, "काका, पैशाचं नंतर बघू हो. आधी सेवा." पैशाचं त्यांनी नंतर अतिशय मन लावून बघितलं.

चिखल तू पाहिला नाहीस, ते बरंच झालं. मला वाटायचं चिखल म्हणजे माती आणि पाणी. ताई, त्यात गटार होतं. रॉकेल होतं, कुणाची औषधं होती, फुगलेल्या घुशी होत्या. बाबांच्या कपाटाचा खण ओढला तर त्यातून काळं, दाट काहीतरी सावकाश माझ्या पायावर सांडलं, आणि त्यात एक दात होता. कुत्र्याचा असावा. तसं आम्ही ठरवलं. अजूनही घास तोंडाजवळ नेताना बोटांना तो वास येतो आणि मी घास परत ताटात ठेवतो. तरीही त्या चिखलाच्या बाजूने एक सांगतो. तो बोलत नव्हता. त्याच्यामागून जी माणसं आली ती सगळी बोलत होती.

त्यांत विमा कंपनीचे एक पाहणी अधिकारी होते. नाकाला रुमाल, काखेत फाइल. त्यांनी मागची पडलेली भिंत बघितली आणि मला विचारलं, "किती वर्षांची?"

"माझ्याहून मोठी."

"मग घसारा जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे वस्तू जुनी होते तशी तिची किंमत कमी होते ना, सर. नव्या भिंतीचे पैसे कसे देणार? तुमची जुनी पडलीय."

"पण बाजारात जुनी भिंत मिळत नाही हो."

"तो आमचा विषय नाही," घसारेबुवा म्हणाले आणि त्यांनी भिंतीपुढे काहीतरी बारीक आकडा लिहिला. बाबांनी विमा उतरवला तो घर विकलं तर काय येईल तेवढ्याचा. तेच घर परत उभं करायला काय लागेल, याची चौकशी कोणी केलीच नव्हती. त्यात सगळ्या वस्तीची घरं एकाच आठवड्यात बसलेली. प्रत्येकाला तोच गवंडी हवा, तेच सिमेंट हवं. मग भाव काय झाले असतील ते तुला सांगायला नको. त्यातले निम्मे तूच भरलेस.

तू म्हणत होतीस, जागा विकून टाका, आईला माझ्याकडे पाठवा. मी नाही म्हणालो. मग कित्येक आठवडे आपण फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोललो. दोन सुशिक्षित भावंडं वेधशाळेत कामाला असावीत तशी. आणि एके दिवशी तुझे पैसे आले, सोबत एका ओळीची चिठ्ठी: 'मला हिशेब नको. आई पहिल्यासारखी घरात एकटी चालली की कळव.'

माझ्या हट्टाचं कारणही तेच होतं. दृष्टी गेल्यापासून आई त्या घरात हाताने बघत होती. आपण गेली कित्येक वर्षं एक खुर्चीसुद्धा जागची हलवली नाही. पाहुणे आपल्याला विक्षिप्त समजायचे. पण ती उठायची, तोंड धुवायची, चहा टाकायची, कुणाला हाक न मारता. परक्या घरात ती सामान होऊन बसेल, असं मला वाटत होतं. म्हणून ठरलं, घर बांधायचं ते होतं तसंच.

भाड्याच्या खोलीत आईने खाटेवर बसून आम्हाला घर सांगितलं. ती हवेत वीत धरायची, तुझी भावजय ती टेपने मोजायची आणि नकाशावाला पोरगा तोंड वासून काढत बसायचा. स्वयंपाकघर एक पायरी खाली. न्हाणीघराचं दार उलटं उघडणारं. आणि बोळातल्या भिंतीचं ते पोट, जे बाबा आयुष्यभर सरळ करून घेणार होते. आई म्हणाली, "पोटाला हात लागला की पुढे पायरी. ते नसेल तर मी तोंडावर आपटेन."

गवंडी हवालदिल झाला. "आजी, सरळ भिंत चुकून वाकडी गेली तर लोक मला बोलतात. मुद्दाम काढली तर काय करतील?"

"जे बोलायचं ते मला बोलतील," आई म्हणाली. "तू काढ. जरा गुबगुबीत काढ."

सेवाभावींनी मात्र मला बाजूला घेतलं. "काका, वाकड्याचा दर वेगळा पडतो. सरळ काय, कुणीही करतं." दिला, बाई, तोही दर दिला. आणि जिथे आम्ही वाकडं मागितलं नव्हतं तिथे त्यांनी ते विनामूल्य दिलं. एकही खिडकी बंद होत नाही. वाळू खारट आहे की काय कोण जाणे, भिंतींना आत्ताच पांढरं मीठ फुटलं आहे. हात लावला की पीठ हाताला येतं. मला किळस येते, आणि ती भिंतीची येते की मी त्या माणसाला हसून चहा पाजतो त्याची, हे मी तपासलेलं नाही.

(आत्ताच तुझी भावजय मागे उभी राहून वाचून गेली. "आईंचं लिहिलंत का?" म्हणाली. म्हटलं, "तिकडेच चाललोय." तर म्हणे, "फरशांवरून निघालात, मग कसले पोचताय.")

पोचतो.

त्याआधी गल्लीचं सांगायला हवं. आपल्या डावीकडचा शिंपी गेला. घसारेबुवांनी त्याला जे दिलं त्यात एका खोलीचं छप्परही झालं नसतं. उजवीकडचं ते भांडखोर कुटुंब गेलं; जाताना चौघंही रडली आणि कोण आधी रडलं यावरून भांडली. मागचा छापखाना यंत्रांसकट भंगारात गेला. या तिन्ही जागा घेतल्या कोणी? सेवाभावींनी. पडत्या भावात, रोख. ज्या माणसाने बांधायचा दर असा ठेवला की लोकांना परवडू नये, त्यानेच न परवडणाऱ्यांच्या जागा घेतल्या. आता डावीकडे त्यांचे ट्रक उभे असतात, उजवीकडे वाळूचा ढीग, मागे मोकळं. परवा येऊन खुर्चीत पाय पसरून बसले. "काका, तुम्हीसुद्धा विचार करा हं. एकटं घर मध्येच बरं नाही दिसत. आणि आजींना काय, कुठेही ठेवलं तरी सारखंच." ते गेल्यावर मी त्यांचा कप घासला. मग परत घासला. मग टाकून दिला.

आता आई.

आम्ही तिला घेऊन आलो त्या दिवशी ती चक्क नटली होती. दारात माझा हात सोडला. म्हणाली, "सरक. माझं मला बघू दे." चौकट चाचपली, बरोबर. खाट, बरोबर. बोळात शिरली, भिंतीवरून तळवा फिरवत गेली, पोट लागलं तशी खुदकन हसली. "मेल्याने छान काढलंय." तुझी भावजय तोंडावर पदर धरून उभी होती. मला वाटलं, वसूल झालं सगळं.

मग ती पायरीशी थांबली. थांबलीच. पाय पुढे काढला, मागे घेतला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. म्हणाली, "शिंपी जेवायला गेलाय का रे?"

मी म्हणालो, "आज बंद असेल."

"आणि ती भांडणारी पोरं?"

"शाळेत."

"छापखाना?"

ती भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसली, तिथेच, बोळात. "हात बरोबर आहेत रे," म्हणाली. "पण माझं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळत नाहीये. मशीन डाव्या कानाला असलं की मी स्वयंपाकघराकडे निघालेली असायचे." हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. आम्ही तिला वीत विचारली, पायरी विचारली, दार कुठे अडतं ते विचारलं. कानाचं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या भावजयीने कुठूनसं शिवणयंत्र मागून आणलं, डाव्या खिडकीशी ठेवलं आणि दोरा न घालता नुसतंच चालवत बसली. दुपारभर. मी आईकडे बघत होतो. आई ऐकत होती. शेवटी मायेने म्हणाली, "सूनबाई, हे आपल्या घरात वाजतंय. तिकडे नाही. ऊठ आता, पाय दुखतील."

तेव्हापासून ती खाटेच्या कडेला बसून असते. एक हात कडेवर. न्हाणीघरात जायचं असलं की घसा खाकरते आणि विचारते, "कोणी मोकळं आहे का?" मी जवळच असतो तरी तसंच विचारते, परक्याला विचारावं तसं. काल मला यायला जरा उशीर झाला, तर म्हणाली, "घाई नव्हती हो." मला 'हो' म्हणाली, ताई.

तुझ्या त्या चिठ्ठीचं उत्तर इतके दिवस टाळलं. आई चालत नाही. तुझ्याकडे आणली तर तिथे भिंतही तिची नसेल. इथे ठेवली तर भिंतीखेरीज काही नाही. मला भीती वाटते आहे की ती यापुढे अशीच बसून राहील, आपल्याला त्रास नको म्हणून काही बोलणार नाही, आणि एक दिवस विचारायचंही थांबेल. काय करावं, मला कळत नाही. तू ये.

गल्लीतल्या एकुलत्या घरातून,
तुझा धाकटा