मी मुळात चढाईचा माणूस

४ मार्च
ठरलं. जूनमध्ये सायकल क्लबबरोबर मोन्ते ग्राप्पा डोंगर चढायचा. सासरे सेत्तीमियो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चढतात आणि मग वर्षभर आम्हाला ऐकवतात. यंदा मी ऐकवणार.
आधी सायकल. दुकानदार इलारियो (क्लबही तोच चालवतो) म्हणाला, तुमची चालवायची पद्धत सांगा. चढाईला हलकी, वेगाला वारा कापणारी, लांब पल्ल्याला आरामशीर.
पद्धत कोणती? विचार चालू.

१९ मार्च
मी चढाईचा माणूस. आतून जाणवतं. ओर्नेला म्हणाली, अरे, तू दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातोस! बायकोला मनाचा कल दिसत नाही.

२ एप्रिल
हलकी सायकल चालवून पाहिली. चर्चमागच्या चढावर अर्ध्यातच उतरलो. दोष सायकलचा. इतकी हलकी की भरवसाच वाटत नाही. म्हणजे मी मुळात वेगाचा माणूस.

३ एप्रिल
वेगाची सायकल. इतकं वाकावं लागतं की समोरचं दिसत नाही. फादर एवारिस्तो दिसले नाहीत. त्यांना फारसं लागलं नाही.

२० एप्रिल
आरामशीर सायकल घेतली. हीच माझी.

११ मे
सीटची उंची अजून जमत नाही. त्याशिवाय निघणं धोक्याचं. जेवताना मक्याचा पोलेंता वाढून घेत सासऱ्यांनी विचारलं, काय जावईबापू, सायकल चालवायला घेतलीत की कपडे वाळत घालायला?
जूनमध्ये बघा म्हटलं.

१३ जून
क्लबच्या व्हॅनचा ड्रायव्हर आजारी. व्हॅन कोण चालवणार, इलारियोने विचारलं. सगळे आपापल्या सायकलींची हवा तपासू लागले. मी त्याग केला. फार वाईट वाटलं. रात्री छान झोप लागली.

१५ जून, संध्याकाळ
सगळ्यांच्या मागून व्हॅन नेत होतो. अर्ध्या घाटात सासरे कठड्यावर एकटेच बसलेले. चेहरा पांढराफटक. सायकल माझ्या हातात दिली. व्हॅनमध्ये सुट्या चाकांच्या मध्ये अंग चोरून बसले. तिथूनच म्हणाले, कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, काय कळता कामा नये?
शेवटच्या वळणाआधी उतरवलं. टाळ्यांच्या गजरात पोहोचले.
जेवणात ग्लास उंचावून म्हणाले, यंदा चढ काहीच वाटला नाही! जावईबापूंनी एकदा तरी चढून बघावं. सगळे हसले. मीही हसलो. जरा वेळाने त्यांनी स्वतःच्या ताटातलं सॉसेज गुपचूप माझ्या ताटात सरकवलं.
खाल्लं.
क्लच दाबून दाबून डावी पोटरी भरून आली आहे. म्हणजे चढाई झालीच की.