उंदरांचं औषध आणि तुझा भाऊ

तीर्थस्वरूप ताईस,

कंबर वाकत असती तर साष्टांग घातला असता. तूर्त खुर्चीतूनच नमस्कार मानून घे. आम्ही दोघं ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ती आज सकाळी तुझ्या लेकीने इथे येऊन सांगितली. तुझ्या हृदयाचे ठोके पुन्हा वेडेवाकडे पडताहेत आणि रक्त पातळ करायची गोळी तू नऊ दिवसांपासून बंद केली आहेस. अशाने गुठळी होऊन मेंदूत जाईल असं तुमच्या डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. त्याविषयी मी काही लिहिणार नाही. तू मोठी, मी धाकटा. मी आपली माझी हकीकत सांगतो.

पायात गुठळी झाली तेव्हा मलाही तीच गोळी मिळाली. घरी येऊन पाकिटातला कागद भिंग घेऊन वाचला (पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आमच्या गोदामात तशी शिस्त होती) आणि घामच फुटला. वॉरफॅरिन! धान्याच्या गोदामात एकतीस वर्षं उंदरांचा बंदोबस्त केला, त्यातली कितीतरी वर्षं डब्यावर हेच नाव वाचून पिठात कालवत होतो. तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीएवढी, पण तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, औषध तेच आहे. कुठेशी बुरशी धरलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली, कारण शोधताना त्या चाऱ्यात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, त्याच्या मागोमाग उंदरांचं औषध निघालं आणि मग लक्षात आलं की नीट मोजून दिलं तर माणूस वाचतो. मी म्हटलं, मोजून तर मीही घालत होतो. त्यावर ती म्हणाली, “काका, तुमच्या उंदरांचं रक्त कुणी तपासत नव्हतं. तुमचं मी तपासणार आहे.”

गोळी सुरू केली. पण हाताची सवय जाते थोडीच? पाकीट कवटीचं चित्र काढलेल्या डब्यात, कुलूप लावून, सगळ्यात वरच्या फळीवर. गोळी घेतली की कोपरापर्यंत साबणाने हात धुतो. (तुझी भावजय म्हणते, पोटात घातल्यावर हात कसले धुताय? बाईला शिस्त म्हणून माहीत नाही.) न्हाव्याला मोठ्या तोंडाने सांगितलं की आता कापलं तर माझं रक्त लवकर थांबायचं नाही, तर त्याने अर्ध्या दाढीवर वस्तरा खाली ठेवला आणि मला तसाच घरी धाडला. डॉक्टरीणबाईने पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम कमीजास्त नको असं सांगितल्यापासून तुझी भावजय पालक तराजूत तोलते. रिपोर्ट चांगला आला तर तिच्या तराजूमुळे, बिघडला तर माझ्या चरण्यामुळे. (गेल्या महिन्यात मित्राकडे दोन वाट्या पालक हाणला. तिला कळलं नाही, रिपोर्टला कळलं.)

असो. आठ महिने झाले. पायाची सूज उतरली, दोन जिने न थांबता चढतो.

तुझा धाकटा

ता. क. मागे फोनवर मी ऐटीत म्हणालो होतो की, एकतीस वर्षं ज्यांना खाऊ घातलं त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही, सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. ताई, ते खोटं होतं. त्या दिवशीही गोळी घेऊनच फोन उचलला होता. तू खूप दिवसांनी पोट धरून हसत होतीस, म्हणून मी रंगवत गेलो. जन्मभर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाहीस आणि नेमका याच्यावर ठेवलास?

ता. क. २ राहिलेल्या नऊ गोळ्या एकदम गिळू नकोस (तुझा स्वभाव मला ठाऊक आहे). लेकीबरोबर आजच डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील तशी सुरू कर. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र तिच्या हाती देतोय. ती दारात चपला घालून उभी आहे. तुला काही झालं तर मला सोसवणार नाही गं. हे मात्र रंगवून सांगत नाही.