व्हिसावरचं कुंकू

सोम., ५ मे
सईच्या शाळेची जपानची विज्ञान सहल रविवारी. आज पालकसभा, ऑफिसातून धावत डोंबिवली. सरांनी व्हिसा लागलेले पासपोर्ट दिले. "घरी नाव-जन्मतारीख तपासा, शुक्रवारी परत आणा." सोबत सामानाची यादी, दोन पानं. बॅग पंधरा किलो, वर नाही. मी आत्ताच गळून गेलेय.

मंगळ., ६ मे
बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभी राहिले. माझं वजन वजा केलं तर अठरा. चकल्या, मेतकूट, एक स्वेटर बाहेर. सई म्हणते, "अगं, आठच दिवस चाललेय!" माझी पाठ धरलीय.

बुध., ७ मे
काय करून बसले मी. सकाळी पासपोर्ट देवापुढे ठेवला, व्हिसाचं पान उघडून. आमच्याकडे नव्या वहीपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू. बोटं ओली होती. कुंकू नेमकं व्हिसाच्या नंबरावर. पुसायला गेले तर आणखी पसरलं. सहलीसाठी निवड व्हावी म्हणून पोरगी वर्षभर प्रोजेक्टला चिकटून होती, आणि मी...
नवरा म्हणतो, "सरांना कशाला सांगतेस? कोण बघतंय एवढं!" याला सगळंच सोपं.

गुरु., ८ मे
सांगितलं. सरांनी आधी पान नीट पाहिलं. मग, "ताई, नवा व्हिसा करायला वेळ नाही. आकडे वाचता येतायत, जाऊन बघू. पण एअरपोर्टवर अडवलं तर सईला परत पाठवावं लागेल."
सईलाही मीच सांगितलं. सांगताना रडायला आलं. म्हणाली, "थांब गं, आधी मला चिडू दे." बॅग एकटीने भरली, मला हात लावू दिला नाही. फार लागलं.

रवि., ११ मे
शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी दुपारी वेळेत एअरपोर्टला पोचलो. बाकीची मुलं फोटो काढतायत, सई पासपोर्ट छातीशी धरून उभी. गेटपाशी मला म्हणाली, "आई, तुम्ही दोघं घरी जा. तुम्ही थांबलात की मी परतच येणार असं वाटतं."
बरं म्हटलं.
तासाभराने तिचा मेसेज : बॅग गेली, आता इमिग्रेशनची रांग. पुढे अकरा जण. तुम्ही कुठपर्यंत पोचलात?
"ठाण्यात, माजिवड्याला," असं लिहून पाठवलं. आम्ही इथेच, पार्किंगमध्ये.