ठिपक्याच्या तीन फाइली

प्रिय बडबडे,

गेले आठ दिवस फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलते आहेस. ज्या बापानं तुझं नाव बडबडी ठेवलं त्याची ही सरळसरळ फसवणूक आहे. म्हणून आज भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि शिलाई मशीनवरच कागद पसरून लिहायला बसलो. फोनवर मी तोंड उघडलं की तुझी आई मागून दुरुस्त्या सुचवते. इथे निदान मला माझ्या मनासारख्या चुका करता येतील. तुझ्या रक्ततपासणीचा निकाल मी वाचला. ठिपक्याच्या आजाराचा जो दोष तुझ्या आईत आहे तोच तुझ्यातही आहे, आणि म्हणून तू तुझ्या त्या पूल बांधणाऱ्या इंजिनियरशी लग्न करणार नाहीस, हेही कळलं. त्याकडे येतोच, पण आधी घरची बातमी.

ठिपक्याची तरणतलावावरची नोकरी कायम झाली! लहानपणी ज्याच्या कानात पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून आपण कापसाचे बोळे कोंबून आंघोळ घालायचो, तो तुझा एकवीस वर्षांचा भाऊ आता दिवसाचे चार तास पाण्यात उभा राहून पोरांना पोहायला शिकवतो. तुझी आई पहिल्या दिवशी टॉवेल घेऊन काठावर जाऊन बसली होती. शेवटी त्यानं हात जोडले तेव्हा कुठे घरी आली.

त्याला ठिपक्या तूच म्हणायला लागलीस. नऊ वर्षांची होतीस तू. त्याच्या पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठायचे आणि तू ते मोजत बसायचीस. आपण सगळे त्याला लाडानं ज्या नावानं हाक मारत होतो ते त्याच्या आजाराचंच लक्षण होतं, हे आठवलं की मला आजही कानकोंडं होतं.

तुला माहीतच आहे, तुझ्या आईची सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. एका फाइलीत दोन विषय आले की तिला घास गोड लागत नाही. ठिपक्याच्या इसबाची फाइल हिरवी, वाहत्या कानाची निळी, घोळणा फुटण्याची आणि काळ्यानिळ्या डागांची लाल. ज्या डॉक्टरकडे जायचं त्याचीच फाइल घ्यायची, उगाच दुसरे कागद दाखवून त्यांचा वेळ खायचा नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. कानवाल्यांनी थेंब दिले. तिसऱ्यांनी प्लेटलेट्स कमी आहेत म्हटलं, तापानंतर होतं असं, वाढतील म्हणाले. तिघंही भले होते, पण दोन वर्षं प्रत्येकानं एक तृतीयांश पोरगंच पाहिलं. मी सुद्धा कौतुक करत हिंडायचो की आमच्याकडे कागद कसे टापटीप असतात!

मग एकदा ऑफिसात तपासणी आली, आईला रजा मिळेना, आणि ठिपक्याचा घोळणा काही थांबेना. मी त्याला उचललं, हाताला लागले ते सगळे कागद कापडाच्या पिशवीत कोंबले आणि मोठ्या रुग्णालयात पळालो. तिथे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर बाई होत्या. (त्यांना आपण अजून ‘रक्ताच्या बाई’च म्हणतो, आणि त्या अजून हसतात.) आधी त्यांनी रक्त थांबवलं. मग मी त्यांच्या टेबलावर पिशवी उलटी केली. तिन्ही फाइली, त्यात माझी दोन गिऱ्हाइकांची बिलं. बाईंनी बिलं बाजूला ठेवली आणि बाकीचे कागद विषयानुसार न लावता तारखेनुसार लावले. इसब, डाग, कान, न्यूमोनिया, पुन्हा कान, पुन्हा डाग. मग उठल्या, रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्वतः सूक्ष्मदर्शकात बघून आल्या. म्हणाल्या, “प्लेटलेट्स कमी आहेत हे प्रत्येक रिपोर्टात लिहिलंय. किती बारीक आहेत हे कुणी पाहिलेलंच नाही.”

तेव्हा त्या आणि त्यांचे सोबती हा आजार ओळखायचा कशावरून ते ठरवत होते. रक्त, त्वचा आणि सारखा होणारा संसर्ग ही तीन खुणेची लक्षणं, पण सगळी पोरं तिन्ही घेऊन येत नाहीत. कुणाला नुसते डागच. म्हणून घराघरातली माहिती त्या गोळा करत होत्या. दोष येतो आईकडून आणि आजार होतो मुलग्यांना, म्हणून त्यांनी विचारलं, आईच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला का? तुझा मामा गेला होता, तीन वर्षांचा. घरात सगळे म्हणायचे, अंगात उष्णता फार होती.

त्या दिवसापासून तुझी आई दोन दिवस जेवली नाही. माझ्यामुळे, एवढंच म्हणत राहिली. मी नाना परीनं समजावलं, पण तिला पटलं ते बाईंचंच. आपल्यात काय आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मग दोष कसला?

पुढचं तुला पाठ आहे. त्याला दुसऱ्याच्या हाडांतला मगज द्यायचा होता, तुझा जुळला नाही म्हणून तू किती रडलीस. मग कुठल्या तरी अनोळखी बाईचा जुळला. देव तिचं भलं करो, आम्हाला तिचं नावही माहीत नाही. पाच आठवडे तो काचेच्या खोलीत आणि तू बाहेरून काचेवर नाक दाबून वाकुल्या दाखवतेस. ज्या सकाळी प्लेटलेट्स वर आल्या, त्या सकाळी मी नर्सबाईंना फुकट कोट शिवून द्यायचं कबूल केलं. त्यांनी नवऱ्याचा शिवून घेतला, तो केवढा धिप्पाड निघाला!

बाईंनी पालकांसाठी जी पुस्तिका काढली तिची पहिलीच सूचना आहे, ‘सगळे कागद एकत्र आणा.’ आई अजून म्हणते हा तिचा जाहीर अपमान आहे. आणि आल्यागेल्याला ती पुस्तिका दाखवते.

आता तुझं. लग्नाआधी मला हे सगळं कळलं असतं, तर मी काय केलं असतं? तुझ्या आईशीच लग्न केलं असतं. फरक एवढाच की ठिपक्या पोटात असतानाच आम्ही बाईंकडे गेलो असतो आणि पोराची दोन वर्षं वाचली असती. तुला घाबरायचं तर घाबर. मुलं हवीत की नकोत तेही तुम्ही दोघं ठरवा. पण दुसऱ्याच्या वतीनं त्याचा नकार तू देऊ नकोस.

हे लिहायचं कारण म्हणजे, रविवारी तुझा पूलवाला इथे आला होता. तू त्याला सगळं सांगून मोकळं केलंस, पण तो काही मोकळा झालेला दिसला नाही. आधी बाईंना भेटून आला होता, हातात प्रश्नांचा कागद. ठिपक्याला दोन तास तलावाच्या काठावर बसवून त्यानं एकेक प्रश्न विचारला. शेवटी ठिपक्या वैतागून म्हणाला, “अहो, माझ्यासारखा भाचा झाला तर पोहायला मी शिकवीन, अजून काय हवंय?” तिथून तो थेट दुकानात आला आणि मला म्हणाला, “बाबा, माप घ्या.” मी घेतलं. डावा खांदा थोडा उतरता आहे, पण कोटात झाकला जाईल. गडद निळं कापड काढून खडूनं बेतून ठेवलंय. कात्री लावलेली नाही. तू हो म्हणालीस तरच लावेन.

तुझाच,
बाबा