आमच्या घराचा नवा धनी

८ फेब्रुवारी, रविवार
सगळ्यांच्या आधी शेजारची गोदाच टपकली. आमच्या घरची प्रार्थना चारची, बाई साडेतीनला. चहा गरम मिळावा म्हणून, दुसरं काय! मग चर्चच्या मंडळीतल्या बायका, शेवटी पास्टर. पास्टर म्हणाले, प्रभूला नुसतं रविवारी नाय, रोजच्या संसारात धनी करा. मला इतका आनंद झाला! आमचे हे गेल्यापासून घराला धनीच नव्हता. आजपासून प्रभू धनी, मी दासी. माझं म्हणून काय चालवायचं नाय.

९ फेब्रुवारी, सोमवार
यांची खुर्ची पुसून प्रभूला दिली. त्यात कोणी बसायचं नाय. धन्याआधी बाईमाणूस जेवत नाय ही आमची रीत, म्हणून पहिलं ताट त्याच्यापुढं. वालाचं बिरडं, भात, तळलेले बोंबील. सून म्हणाली, आई, पास्टर असं कुठं बोलले? मी म्हटलं, छाया, रीत काय पास्टरला विचारायची असते? घटकाभरानं बघते तर ताट तसंच. धन्याचं ताट टाकतात होय? खाल्लं मीच. बोंबील सगळे त्याच ताटात होते. दासीला काय काय करावं लागतं!

११ फेब्रुवारी, बुधवार
छायाला शिळफाट्याच्या बालवाडीत नोकरी मिळतेय. सोमवारपासून ये म्हणतात. आई, जाऊ का? मी कोण सांगणारी! धन्याला विचारते म्हटलं. खुर्चीपुढं डोळे मिटले. लगेच उत्तर. नको. आनंदीला सकाळचा चहा कोण देणार? केवढी काळजी माझी! डोळ्यांत पाणी आलं. छायाच्याबी आलं. हरखली असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
निश्चय. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतं शास्त्र, म्हणून गोदावर प्रेम करायचं.
संध्याकाळी. गोदा कढीपत्ता मागायला आली न थेट खुर्चीत बसली. ऊठ गं, तिथं प्रभू हाय! तर म्हणते, आनंदे, गुडघा सुजलाय माझा, तो असता तर स्वतः उठून मला बसवलं असतं. बघा तोंड! तरी प्रेमच केलं. झाडू नुसता उचलला.

१५ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनेत छायानं सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, प्रभू, नोकरी धरू का? डोळे मिटून बसली. मग म्हणाली, धर म्हणतोय. मी म्हटलं, मला तर नको म्हणालाय. पास्टरनी हळूच विचारलं, आजी, तुमच्या मनाविरुद्ध तो कधी बोललाय का? लई आठवून बघितलं. एकदाबी नाय. इतकं आमचं जमतं! सगळी हसली. माझ्या आनंदात त्यांचा आनंद. पास्टर छायाला म्हणाले, जा पोरी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
छाया गेली. चहा मीच केला. धन्याला विचारलं, आता पुढं? तर म्हणतो, गोदाला बोलव चहाला. हे माझ्या मनातलं नव्हतं बाई. ऐकूच आलं नाय असं केलं. परत तेच. शेवटी दारातून हाक मारली.
दोन कप प्याली. वर म्हणते, साखर कमी पडली गं. धन्याकडं तक्रार करायला वळले, तर खुर्चीत गोदा!
गुरुवारी परत येते म्हणाली. मंडळीतल्या बायकांनाबी आणतेय.