वखारीकडची भिंत

कार्तिक वद्य ३, शके १७८६. अमरावती.
अकोल्याहून तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आली, पण घर पाहून जीव हरखला. पक्क्या विटांचं, वर कवेलूचं छप्पर, दाराले लोखंडी कडी. वखारीचे मालक खुशालराव म्हणाले, मुकादमीण वखारीजवळच पाहिजे. मधे एकच भिंत. तिकडं कापूस, इकडं माझी चूल. कापूस निवडणाऱ्या तीस बाया माझ्या हाताखाली. बाप गावचा पंतोजी होता, त्यानं अक्षरं गिरवून घेतली, म्हणून हे लिहून राहिली. लेकीले, शकुनले, निरोप धाडला का पहिलं बाळंतपण इथंच, विटांच्या घरात. तिची सासू मले मातीतली म्हणते. पाहू दे तिले.

कार्तिक वद्य ९
काम अकोल्यातलंच. गाठी बांधायच्या आधी भिंतीलगतच्या ढिगावर घागरीनं पाणी मारायचं, वजन भरते. सगळ्याच वखारींत मारतात. मी दुसऱ्या कोणाले मारू देत नाही, बायांचा हात सैल.
भांड्यांच्या फळीमागं भिंतीले तळहाताएवढा काळा डाग निघाला. शेजारच्या गवंड्याची बायको रजियाबी आली, हात लावला, वास घेतला. म्हणाली, बाई, ही भिंत लय सालांपासून पाणी पिऊन राहिली. बुरशी वरची नाही, आतून येते. गिलावा नका करू, खिडकी उघडी टाका, पाणी कुठून येते ते पाहा. मी म्हटलं, गवंडी तुझा नवरा, तू नाही. चिडून गेली.
पाणी कुठून येते ते मले ठाऊक होतं. चुना फासला.

मार्गशीर्ष शुद्ध ५
शकुन आली. भिंतीवरून हात फिरवला, म्हणाली, आई, तू तर पाटलीण झाली. लय दिवसांनी बरं वाटलं. चुना वाळला नव्हता, तिचा हात पांढरा झाला.

मार्गशीर्ष वद्य २
नातू झाला. बाळंतिणीले वारा लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबल्या, दार लावलं, शेगडी ठेवली. बाज त्याच भिंतीशी, दुसरी जागा नाही. डाग चुन्यातून वर आला, आता बाजेएवढा. वर पांढरी लव, पिंजल्या कापसावानी. शकुननं विचारलं तर मी शेगडीचा धूर म्हणाली. लेकीशी खोटं बोलली.

मार्गशीर्ष वद्य ७
बाळ खोकते. रजियाबी दारात येऊन सगळ्या बायांपुढं म्हणाली, लेकरू माझ्या घरी द्या, इथं नका ठेवू. मी म्हटलं, आता तू बाळंतपण शिकवतेस काय. बाया हसल्या. ती हसली नाही.
लेकरू हलवायचं तर भिंतीचं सांगावं लागते. भिंतीचं सांगायचं तर पाण्याचं. आणि शकुन येईल त्या बाईले सांगते, माझ्या आईनं मले विटांच्या घरात बाळंत केलं.
आजही पाणी मारलं. बारा घागरी.

मार्गशीर्ष वद्य ११
डाग बसल्या बाईवानी. डोकं, खांदे, मांडीवर काहीतरी. दोनदा सारवला. ओला असतानाच पुन्हा उमटला. शकुन पाठ टेकून बसली का दोघी बरोबर जुळतात. पदराले काळी भुकटी लागते, ती झटकते, बाळावर पडते. मी पाहून राहिली.

वद्य १३
तिकडं मी पाणी मारलं का इकडं बाळ खोकते. आज मोजून पाहिलं — एक घागर, एक उबळ. तिसरीले हात थांबला. बाया पाहत होत्या.
मारलं.

अमावास्या, सकाळ
बाळ खोकत नाही. शकुन म्हणाली, उतार पडला. मी हात लावला — गार. तोंड उघडं. जिभेवर पांढरी लव —
खिडकीतल्या चिंध्या काढल्या. दार उघडलं. आता काय उपयोग.

खोकला ऐकू येते. भिंतीतून. माझा भास नाही, शकुनलेही ऐकू येते. भिंतीले कान लावून बसली. म्हणते, तो तिकडं आहे, आई, ओला आहे — त्याले कोणी भिजवलं —
एकच विचारून राहिली. कोणी. कोणी.

माझे हात काळे — कोपरापर्यंत — धुतले तरी —

सांगते. शकुन, इकडं पाहा. पाणी मी —