म्हशी गोठ्यात नव्हत्या ते दोन दिवस

तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात, ते मला अजून पटलेलं नाही. कंपनीच्या फाटकात मुकादमाने सगळ्यांना उभं करून विचारलं, "हा सांधा कोणी तपासला होता?" आणि तुम्ही खाली बघत राहिलात. मी तुमचा डबा घेऊन बाहेर उभी होते, अकरा वर्षांची. गळका सांधा पेटून शेजारच्या काकांचे दोन्ही हात भाजले होते, आणि वर कामावरून काढलं तेही त्यांनाच. बाबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता कशाला उकरते, असं म्हणू नका. आणि अक्षराला नावं ठेवू नका. चौथीतून मला तुम्हीच काढलंत.

पाइपाच्या सांध्यांना ब्रशने साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की गळती, हे काम तुमचं. वहीत अंगठा तुमचा. पण सोमवारी सकाळीच तुम्ही आठवड्याचे सहा अंगठे उठवून मोकळे व्हायचात. मी बघितलंय. विचारलं तर म्हणालात, "पाइप काय पलून जातंय? तोंड मिट नि घरा जा." तुमचा भरवसा सगळा नाकावर. गळलं तर वास येईलच, म्हणायचात. त्या दिवशी नाही आला.

आमच्या गोठ्यामागे भाताचं शेत होतं, तिथे आता गॅसचं स्टेशन आहे. लांबून मोठ्या पाइपातून गॅस येतो, इथे त्याचा जोर कमी करतात, मग तो डोंबिवलीतल्या घरोघरच्या शेगड्यांना जातो. तुमची पणती, माझ्या मुलाची मुलगी, तिथे कामाला आहे. कुंपणाला खांब रोवलेत, खांबावर डबे बसवलेत. ते डबे दिवसरात्र हवा हुंगतात आणि कुठे गळलं की ओरडतात. पण डबा खरंच हुंगतो की नुसता शोभेला बसलाय, हे कोणी बघायचं? ते ही बघते. कोणाला न सांगता सिलिंडरमधून थोडा गॅस सोडते आणि डब्याला कळायला किती वेळ लागतो ते मोजते. ती कधी सोडते, कुठे सोडते, हे डबे विकणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, "अगं, त्यापेक्षा मला बसव तिथे खुर्ची टाकून. मला लगेच वास येतो." तर म्हणते, "आजी, वास नंतर मिसळतात. पाइपातून येतो त्या गॅसला वासच नसतो." हे तुम्हाला मुद्दाम लिहिते.

झालं काय, डबा भलत्याच वेळी ओरडायला लागला. हिने काही सोडलेलं नाही, पाइप सगळे ठीक, तरी हा ओरडतोय. शेवटी कळलं, वारा आमच्या गोठ्याकडून आला की ओरडतो. म्हैस रवंथ करताना ढेकर देते, त्यात तोच गॅस असतो म्हणे. मग तिचा साहेब बूट सांभाळत गोठ्याच्या दारात आला. "आजी, म्हशी दुसरीकडे हलवता येतील का?" मी म्हटलं, "म्हशी आधीच्या, तुम्ही नंतरचे. तुमच्या डब्याला म्हैस ओळखायला शिकवा." नात त्याच्या मागे तोंड दाबून हसत होती. शेवटी तिनेच तोड काढली. मला एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ म्हशी गोठ्यात असल्या की वहीत खूण करायची. वारा गोठ्याकडचा असला, वहीत खूण असली आणि डबा ओरडला, तर ते म्हशींच्या नावावर टाकून सोडून द्यायचं. दर शनिवारी ती वही बघून जायची. साहेबाला सांगायची, "माझी आजी घड्याळापेक्षा चोख आहे." मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात धाकटी म्हैस माजावर आली. टिटवाळ्याला माझ्या बहिणीच्या दिरांकडे चांगला रेडा आहे, तिकडे न्यायची होती. थोरलीला एकटी ठेवली तर दावं तोडते, म्हणून दोघींना टेम्पोत घातलं. दोन दिवस गोठा रिकामा. नात तेव्हा ठाण्याच्या ऑफिसात या डब्यांचा रिपोर्ट लिहीत बसलेली, तिला काय माहीत. त्या दोन दिवसांत डबा चारदा ओरडला, आणि नंतर वही बघून तिने चारही वेळा म्हशींवर टाकलं. कारण वहीत खुणा होत्या. सोमवारी सकाळीच मी आठवड्याभराच्या खुणा करून ठेवल्या होत्या. म्हशी जातात कुठे, म्हणून.

शनिवारी ती वही बघायला आली तेव्हा गोठा रिकामा असताना डबा ओरडला, हे मला ठाऊक होतं. मी तिला नुसता चहा दिला. या रिपोर्टवर तिची नोकरी पक्की व्हायची होती, ते मनात होतं. आणि चोख आजी म्हणून मिरवले होते, तेही मनात होतं. ती गेली आणि मला बसवेना. गोठा तीनदा झाडला. मागच्या भिंतीपलीकडे काहीतरी गळतंय, त्याला वासही नाही, आणि समोरच्या बिल्डिंगीत पोरं खेळतायत. आज सकाळी तिला फोन केला. म्हणाली, "आजी, तू हे आत्ता सांगतेस?" आणि फोन ठेवला. तासाभरात ठाकुर्लीहून आली, बरोबर एक माणूस. त्याच्या हातात काय होतं सांगू? साबणाचं पाणी आणि ब्रश. एका व्हॉल्व्हच्या सांध्याला फेस उठला. बारीकच होती गळती, आवळली, थांबली.

जाताना पोर म्हणते, "उद्या साहेब विचारतील खुणांचं. मी सांगेन, मीच चुकीच्या भरल्या. तुला कोणी बोलायला नको." दोन दिवसांच्या रिकाम्या गोठ्यासाठी ही आपली नोकरी पणाला लावायला निघाली, आणि चेहरा असा की जसं काही मीठ आणायला चाललीय.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ता तरी कुठला? तुमच्यावर इतकी वर्षं राग धरला, तो आजही आहे. पण शनिवारचा चहा आठवला की तो धड तुमच्यावर टिकत नाही. उद्या दहा वाजता मी स्वतः स्टेशनात जाणार आहे. तिला बजावून ठेवलंय, साहेबाने काहीही विचारलं तरी तू तोंड उघडायचं नाहीस. खुणा माझ्या हातच्या आहेत, उत्तर मीच द्यायचं.